उंबर, उंबरमाशी आणि सहउत्क्रांती

फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उंबराला फूल येतच नाही, किंवा आले तरी ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही, ही जुनी समजूत या शब्दप्रयोगामागे आहे. उंबराबद्दल आणखी एक गोष्ट खेड्यातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पिकलेले उंबर फोडून, फुंकून, आत किडे नाहीत ना हे पाहिल्याशिवाय तोंडात टाकायचे नसते.

न दिसणारे फूल आणि फळातले किडे या दोन्ही गोष्टी एकाच हकिकतीचे दोन भाग आहेत. ती हकिकत समजून घेतली, की दोन वेगवेगळ्या जाती एकमेकींच्या उत्क्रांतीला वळण कसे देतात, हा पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकला जाणारा विषय बराच स्पष्ट होतो. या लेखात आपण उंबरापासून सुरुवात करून पुढे ऑस्ट्रेलियातील ससे आणि विदर्भातील कापूस इथपर्यंत जाणार आहोत.

आत उमलणारी फुले

ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, ते कोवळे असताना मधोमध कापून पाहावे. आत पोकळी दिसते आणि पोकळीच्या भिंतीला चिकटून दाटीवाटीने बसलेली बारीक फुले दिसतात. एका उंबरात अशी काही हजार फुले असतात. सूर्यफुलाचे तबक कडा वर उचलून पिशवीसारखे मिटून घेतले, तर त्यावरची सगळी फुले आत जातील. तसाच हा प्रकार आहे. वनस्पतिशास्त्रात याला कुंभासनी पुष्पविन्यास म्हणतात. वड, पिंपळ, अंजीर, पायर ही सगळी याच कुळीतली झाडे. जगात या प्रजातीत (‘फायकस’मध्ये) साडेसातशेहून अधिक जाती आहेत.

या कुंभाला टोकाशी एक अरुंद छिद्र असते आणि तेही खवल्यांनी जवळजवळ बंद केलेले. वारा आत शिरत नाही, मधमाशी किंवा फुलपाखरू शिरू शकत नाही. मग परागीभवन होते कसे? शिवाय दुसरी अडचण अशी, की उंबरातील मादीफुले आधी तयार होतात आणि नरफुले त्यानंतर साधारण महिनाभराने. म्हणजे त्याच उंबरातले पराग त्याच उंबरातील मादीफुलांच्या उपयोगी पडत नाहीत. पराग बाहेरून, दुसऱ्या झाडावरून यावे लागतात, आणि तेही त्या बंद दारातून.

हे काम जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक माशी करते. ती मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी यांच्या गणातली आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘सेराटोसोलेन फ्युसिसेप्स’. सोयीसाठी आपण तिला उंबरमाशी म्हणू.

उंबरमाशीचा जीवनक्रम

मादीफुले तयार झाली, की उंबरातून एक विशिष्ट वास बाहेर पडू लागतो. प्रत्येक जातीच्या झाडाचा वास वेगळा, आणि त्या वासाला प्रतिसाद देणारी माशीही बहुधा वेगळी. वासाच्या मागाने उंबरमाशीची मादी येते आणि टोकाच्या छिद्रातून आत घुसू लागते. तिचे डोके चपटे असते आणि जबड्याखाली मागे वळलेल्या दातांची एक पट्टी असते, त्यामुळे खवल्यांमधून पुढे सरकता येते, पण मागे घसरायला होत नाही. या घुसण्यात तिचे पंख आणि स्पर्शिकांचे तुकडे बाहेरच गळून पडतात. आत गेलेली माशी सहसा परत येत नाही.

आत पोचल्यावर ती दोन कामे करते. काही मादीफुलांच्या अंडाशयात ती अंडनलिकेने एकेक अंडे घालते. त्याचबरोबर छातीवरच्या दोन लहान खिशांतून पराग काढून ते कुक्षींवर ठेवते. हे परागकण चुकून अंगाला चिकटून आलेले नसतात. निघताना ते पायांनी गोळा करून खिशांत भरून आणलेले असतात. दोन्ही कामे उरकली की ती तिथेच मरते.

ज्या फुलांत अंडे पडले, त्यांची गाठ होते आणि आतली अळी ती खाऊन वाढते. ज्या फुलांत अंडे पडले नाही, पण पराग पडले, त्यांचे बी होते. महिना-दीड महिन्याने आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. गाठीत अजून बंदिस्त असलेल्या माद्यांशी ते मीलन करतात, मग उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. माद्या बाहेर पडतात तेव्हा नेमकी नरफुले पिकलेली असतात. खिसे परागांनी भरून घेऊन माद्या बोगद्यातून बाहेर उडतात. त्यांच्या हाती एक-दोन दिवसांचे आयुष्य असते. तेवढ्यात योग्य जातीचे आणि योग्य अवस्थेतले दुसरे झाड सापडले, तरच पुढची पिढी.

एवढी इवलीशी माशी किती लांब जात असेल? आफ्रिकेत उंबराचे एक जवळचे नातेवाईक झाड आहे, ‘फायकस सायकोमोरस’. नामिबियाच्या वाळवंटातून वाहणाऱ्या उगाब नदीच्या काठी ही झाडे एकमेकांपासून दूरदूर उभी आहेत. तिथल्या बियांची जनुकीय तपासणी करून बियांचे ‘वडील’ कोणते झाड, हे शोधून काढण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पराग १६० किलोमीटरपर्यंत वाहून आणल्याचे आढळले. माशी स्वतः फार उडत नाही. ती वाऱ्यावर स्वार होते आणि वास आला की खाली उतरते.

माशीच्या अल्प आयुष्याचा झाडावरही परिणाम झालेला आहे. एका परिसरातील सगळ्या उंबरांना एकाच ऋतूत बहर आला असता, तर उरलेल्या वर्षात माशीला अंडी घालायला जागा उरली नसती आणि पुढच्या बहरात पराग आणायला माशी उरली नसती. म्हणून एका झाडावरची उंबरे साधारण एकाच सुमारास तयार होतात, पण वेगवेगळ्या झाडांच्या वेळा वेगवेगळ्या असतात. त्यामुळे रानात वर्षभर कुठे ना कुठे उंबर पिकलेला असतो, आणि इतर फळे नसतात त्या दिवसांत तांबट, धनेश, वटवाघळे, माकडे यांना तो जगवतो.

माशीवाचून झाडाचे काय होते, हेही पाहायला मिळालेले आहे. तुर्कस्तानातील स्मिर्ना अंजिराची झाडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात लावण्यात आली. झाडे वाढली, अंजीर धरले आणि कच्चेच गळून पडले. त्या अंजिराची माशी १८९९ मध्ये तिथे आणून रुजवण्यात आली, तेव्हा फळे पिकू लागली. (आपल्या पुरंदरच्या अंजिराचे वाण परागीभवनाशिवाय पिकणारे असल्याने त्याला माशी लागत नाही.)

भागीदारीतील ओढाताण

इथपर्यंतची हकिकत ऐकून वर्गात बहुधा असे सांगितले जाते, की ‘झाडाने माशीसाठी घर दिले आणि माशीने झाडासाठी पराग आणले, दोघांनी एकमेकांना मदत केली.’ हे ऐकायला गोड आहे, पण खरे पाहता दोघांचे हित एक नाही. माशी जितक्या जास्त फुलांत अंडी घालील, तितकी तिची संतती वाढेल आणि तितक्याच झाडाच्या बिया घटतील. उलट सगळ्याच फुलांच्या बिया झाल्या, तर पराग न्यायला एकही माशी जन्मणार नाही. मग माशी सगळीच फुले का व्यापत नाही?

पूर्वी असे मानले जाई, की काही फुलांचा कुक्षिवृंत लांब असतो आणि माशीची अंडनलिका त्यांच्या तळापर्यंत पोचतच नाही. पुढे मोजमापे झाली तेव्हा दिसले, की अनेक जातींत नलिका बहुतेक फुलांना पुरेल एवढी लांब असते. म्हणजे केवळ लांबीचे उत्तर पुरेसे नाही. ऑस्ट्रेलियातील एका फायकसवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुसरे कारण पुढे आणले. आखूड कुक्षिवृंताच्या फुलांचे अंडाशय पोकळीच्या बाजूला असतात, तर लांब कुक्षिवृंताच्या फुलांचे अंडाशय बाहेरच्या भिंतीजवळ. परजीवी माश्या बाहेरून लांब नलिका खुपसून आतल्या अळ्यांवर अंडी घालतात. भिंतीजवळची अळी त्यांच्या तावडीत सापडते, आतली वाचते. त्यामुळे आतल्या फुलांत अंडी घालणाऱ्या माशीची संतती जास्त टिकते आणि बाहेरची फुले बियांना उरतात. म्हणजे माशीची शत्रू असलेली तिसरी जात या भागीदारीचा तोल सांभाळायला हातभार लावते.

आपल्या उंबरावरही अशा परजीवी माश्या आहेत. शेपटीसारखी लांब नलिका लोंबत असलेली माशी उंबराच्या सालीवर उभी दिसली, तर ती परजीवी समजावी. टणक साल भेदायची तर हत्यारही तसेच हवे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी यांपैकी एका माशीची नलिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. नलिकेच्या टोकाला दाते असून त्यांत जस्त साठवलेले असते, असे त्यांना दिसले (२०१४). केसाहून बारीक गिरमिटाला धातूचे टोक बसवावे, तसा हा प्रकार. झाडावर फिरणाऱ्या मुंग्या या परजीवी माश्यांना पकडून खातात, ते वेगळेच.

आता फसवणुकीचा प्रश्न. पराग गोळा करण्यात वेळ आणि शक्ती खर्च होते. एखादी माशी पराग न आणताच आत शिरली आणि अंडी घालून मोकळी झाली, तर? पनामामध्ये शार्लट यांडेर आणि ॲलन हेर यांनी हा प्रयोगच करून पाहिला. त्यांनी फायकसच्या निरनिराळ्या जातींत पराग असलेल्या आणि पराग काढून घेतलेल्या माश्या सोडल्या. २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले ते असे : ज्या जातींत माशी मुद्दाम पराग गोळा करून आणते, त्या झाडांवर पराग न आणलेल्या माशीचे फळ पुष्कळदा कच्चेच गळून पडते किंवा त्यात फार थोडी संतती वाढते. गळणाऱ्या फळाबरोबर आतल्या अळ्याही मरतात. जिथे ही शिक्षा सौम्य आहे, तिथे पराग न आणणाऱ्या माश्या निसर्गातही अधिक आढळतात.

‘शिक्षा’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरला. झाडाला फसवणूक कळत नाही. बी न धरणाऱ्या फळावर अन्न खर्च न करणारी झाडे जास्त बिया मागे ठेवतात, एवढेच. पण त्याचा परिणाम माशीच्या पुढच्या पिढ्यांवर होतो.

आणि हा बंदोबस्त कायमचा असतो असेही नाही. आफ्रिकेतील सायकोमोरसवर सेराटोसोलेनच्या दोन जाती आढळतात. एक इमानेइतबारे पराग आणते. दुसरीला, ‘सेराटोसोलेन गॅलिली’ला, पराग ठेवायचे खिसे आहेत, पण ते रिकामे असतात. तिचे पूर्वज परागवाहक होते आणि तिने ते काम सोडून दिले आहे. अंडी मात्र ती घालतेच.

‘साठी’ की ‘मुळे’?

दोन जातींपैकी पहिलीच्या बदलामुळे दुसरीवर होणारी नैसर्गिक निवड बदलते, त्यामुळे दुसरी बदलते, आणि दुसरीच्या बदलामुळे पुन्हा पहिलीवरची निवड बदलते. या परस्पर चालणाऱ्या क्रियेला सहउत्क्रांती म्हणतात. फूल आणि मधमाशी हळूहळू एकमेकांना जुळत जात असावीत, हा विचार डार्विनने १८५९ च्या ग्रंथातच मांडला होता. १८६२ मध्ये त्याने मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळजवळ फूटभर लांब मधुनलिका पाहून तेवढीच लांब सोंड असलेला पतंग तिथे असला पाहिजे, असे भाकीत केले. तो मेल्यानंतर, १९०३ मध्ये, त्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. ‘सहउत्क्रांती’ हा शब्द रूढ झाला तो पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांच्या १९६४ च्या लेखापासून. वनस्पती कीटकांपासून बचावासाठी नवी विषारी रसायने घडवतात आणि फुलपाखरांच्या अळ्या ती पचवायला शिकतात, या देवाणघेवाणीवर तो लेख होता.

शब्द रूढ झाला तसा सैलही झाला. दोन जाती एकमेकींना जुळताना दिसल्या की सहउत्क्रांती म्हणायची, अशी पद्धत पडली. १९८० मध्ये डॅनियल जान्झेन यांनी एका छोट्या लेखात याला हरकत घेतली. जुळणे म्हणजे सहउत्क्रांती नव्हे. बदल दोन्ही बाजूंना झाला आणि तो एकमेकांमुळे झाला, हे दाखवता आले पाहिजे. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर घाणेरीचे घेता येईल. रस्त्याकडेच्या घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते. सोंड आणि फूल एकमेकांसाठीच बनल्यासारखी वाटतात. पण घाणेरी मूळची अमेरिकेतली. ती भारतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून आणली गेली. आपल्या फुलपाखरांची सोंड त्याच्या लाखो वर्षे आधीपासून आहे. इथे जुळणी आहे, सामाईक इतिहास नाही. उंबर आणि माशी यांच्या कुळांचा इतिहास मात्र जीवाश्म आणि जनुकांच्या तुलनेवरून सुमारे साडेसात कोटी वर्षे मागे जातो.

वर्गात यासाठी एक साधी कसोटी वापरता येते. विद्यार्थ्याने ‘साठी’ हा शब्द वापरला, की त्या जागी ‘मुळे’ घालून वाक्य पुन्हा म्हणायला लावावे. ‘झाडाने माशीसाठी वास सोडला’ याऐवजी ‘वास सोडणाऱ्या झाडांकडे माश्या जास्त आल्या, त्यामुळे त्यांच्या बिया जास्त झाल्या’. वाक्य लांबते खरे, पण हेतू जातो आणि कारण येते.

शत्रूंमधील सहउत्क्रांती : ऑस्ट्रेलियातील ससे

उंबराचा इतिहास कोट्यवधी वर्षांचा आहे. तो आपण घडताना पाहू शकत नाही. पण एका माणसाच्या हयातीत मोजता आलेली सहउत्क्रांतीही उपलब्ध आहे, आणि ती मित्रांमधली नसून शत्रूंमधली आहे.

१८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी युरोपातले ससे ऑस्ट्रेलियातील आपल्या जमिनीवर सोडले. पुढच्या काही दशकांत सशांनी तिथली कुरणे फस्त केली. कुंपणे, सापळे, विष यांपैकी कशानेही ते आटोपले नाहीत. अखेर १९५० मध्ये सशांमध्ये मिक्सोमा नावाचा विषाणू सोडण्यात आला. हा विषाणू दक्षिण अमेरिकेतील एका वेगळ्या जातीच्या सशात राहतो आणि तिथे फक्त त्वचेवर किरकोळ गाठ आणतो. युरोपीय सशांची या विषाणूशी पूर्वी गाठ पडलेली नव्हती. लागण झालेल्या शंभर सशांपैकी नव्व्याण्णवांहून अधिक मेले.

विषाणुशास्त्रज्ञ फ्रँक फेनर यांनी सोडलेल्या मूळ विषाणूचा नमुना जपून ठेवला होता, आणि प्रयोगशाळेतील सशांची एकसारखी पैदासही हाताशी होती. त्यामुळे दोन स्वतंत्र प्रश्न विचारता आले. रानातला विषाणू बदलला का? हे पाहायला दरवर्षी रानातला विषाणू आणून प्रयोगशाळेतल्या सशांना टोचायचा. रानातला ससा बदलला का? हे पाहायला रानातली पिले आणून त्यांना ठरावीक विषाणू टोचायचा. एका वेळी एकच बाजू बदलती ठेवायची, हे तत्त्व आपण विद्यार्थ्यांना साध्या प्रयोगातही शिकवतो.

दोन्ही उत्तरे ‘होय’ अशी आली. काही वर्षांतच रानात जास्त आढळणारा विषाणू शंभरापैकी सत्तर ते पंचाण्णव ससे मारणारा होता. कारण प्रसाराच्या पद्धतीत आहे. ऑस्ट्रेलियात हा रोग मुख्यतः डासांमार्फत पसरतो. अतितीव्र विषाणूने ससा दोन आठवड्यांच्या आत मरतो, म्हणजे डासांना चावायला दिवस कमी मिळतात. अतिसौम्य विषाणूच्या गाठींत विषाणूंची संख्याच कमी असते, त्यामुळे डासाच्या सोंडेला ते फारसे लागत नाहीत. मधला विषाणू सशाला तीन-चार आठवडे आजारी ठेवतो आणि तोच सर्वांत जास्त पसरतो.

दुसऱ्या बाजूला ससेही बदलत होते. एका तलावाच्या परिसरात लागोपाठ सात साथी आल्या. एकाच ठरावीक विषाणूने आधी तिथले शंभरापैकी सुमारे नव्वद ससे मरत. सात साथींनंतर हे प्रमाण सुमारे पंचविसावर आले. वाचलेले ससे योगायोगाने वाचलेले नव्हते; त्यांची प्रतिकारक्षमता पिलांत उतरली होती. २०१९ मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांतील सशांच्या जनुकांची तुलना साथीपूर्वीच्या, संग्रहालयात ठेवलेल्या सशांशी करण्यात आली. तिन्ही देशांत बऱ्याच अंशी त्याच जनुकीय रूपांचे प्रमाण वाढलेले आढळले.

ही हकिकत पुष्कळ पुस्तकांत इथेच संपते, आणि वाचकाची अशी समजूत होते की रोगजंतू कालांतराने सौम्यच होतात. करोनाच्या साथीतही असे पुष्कळदा बोलले गेले. पण ससे प्रतिकारक झाल्यावर मधल्या तीव्रतेचा विषाणू त्यांच्यात टिकेना. अधिक तीव्र विषाणूला पुन्हा संधी मिळाली. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून गोळा केलेले काही विषाणू प्रतिकार नसलेल्या प्रयोगशाळेतील सशांना टोचले, तेव्हा त्यांनी सशांची रोगप्रतिकार यंत्रणाच कोलमडून टाकली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य होणे हा विषाणूचा स्वभाव नाही. ज्या तीव्रतेमुळे तो जास्त पसरेल, तिकडे तो सरकतो. आणि ती तीव्रता कोणती, हे समोरचा ससा ठरवतो.

कापसाच्या शेतात

हा विषय शिकवायचा का, असा प्रश्न काही शिक्षक विचारतात. परीक्षेत त्याला गुण थोडे. आम्हांला वाटते, कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतील शाळांत तरी तो शिकवलाच पाहिजे.

बोंडअळीला मारणारे जिवाणूतील जनुक घातलेला बीटी कापूस भारतात २००२ मध्ये मान्य झाला. २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या. पण २०१० मध्ये जाहीर झाले, की गुजरातमधील चार जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. पुढच्या काही वर्षांत ती दोन्ही जनुकांना पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात हाती आलेली बोंडे आतून पोखरून निघाली.

ही शब्दशः सहउत्क्रांती नव्हे. एक बाजू पिढ्यान्‌पिढ्या निवडीने बदलते. दुसरी, म्हणजे कापूस, प्रयोगशाळेत बदलला जातो. पण अळीच्या दृष्टीने फरक पडत नाही. झाड बदलले, तर अळीवरची निवड बदलते आणि अळीकडून उत्तर येते. हे उत्तर येणार, हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होते. म्हणूनच बियाण्याबरोबर साध्या कापसाची वेगळी पुडी दिली जाई आणि शेताच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के साधा कापूस लावायला सांगितले जाई.

त्यामागची कल्पना अशी. प्रतिकारक अळ्या सुरुवातीला फार थोड्या असतात. बीटीवर फक्त त्याच जगल्या आणि आपसांत जुगल्या, तर पुढची सगळी पिढी प्रतिकारक होते. पण शेजारी साध्या कापसावर भरपूर साधे पतंग वाढत असतील, तर त्या थोड्या प्रतिकारक पतंगांचे मीलन बहुधा साध्या पतंगांशी होते. प्रतिकार अप्रभावी जनुकामुळे येत असेल, तर त्यांची संकर संतती बीटीवर जगत नाही. मेंडेलच्या वाटाण्यांचा हा थेट शेतातला उपयोग आहे.

प्रत्यक्षात साध्या कापसाची पुडी बहुतेक बांधावरच राहिली. ज्या शेतकऱ्याकडे तीन एकर आहेत, त्याने अळीला खाऊ घालण्यासाठी ओळी का राखाव्यात, हे त्याला पटेल अशा भाषेत कोणी सांगितले नाही. त्यात हंगाम संपल्यावर फरदड घेण्याची पद्धत. पाणी देऊन कापूस शेतात उभा ठेवला, की अळीला आणखी काही महिने खाणे आणि आणखी पिढ्या मिळतात. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा अशा इतर पिकांवरही वाढते, त्यामुळे तिच्यासाठी आपोआप आसरा तयार होतो. शेंदरी बोंडअळी मुख्यतः कापसावरच जगते. तिच्यासाठी आसरा मुद्दाम ठेवावा लागतो.

तो ठेवला तर काय होते, हेही दिसले आहे. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित बीटी कापसाच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरू लागले. मेंडेलच्या नियमाप्रमाणे त्यातील सुमारे पाव झाडे बीटी नसलेली निघाली आणि तोच आसरा ठरला. अळीतील वाढू लागलेला प्रतिकार तिथे उलट घटला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बीटी कापूस, नापीक केलेले पतंग सोडणे आणि पीक संपताच शेत मोकळे करणे या सगळ्यांच्या जोडीने ही अळी संपुष्टात आणली गेली; तशी घोषणा २०१८ मध्ये झाली.

उंबर, ससा आणि कापूस या तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे. सजीवाचा परिसर म्हणजे केवळ ऊन, पाऊस आणि माती नव्हे. आजूबाजूचे इतर सजीव हाच त्याच्या परिसराचा मोठा भाग असतो, आणि हा भाग बदलाला बदलाने उत्तर देतो. सूर्य आपल्याला उत्तर देत नाही, अळी देते. शेतात, दवाखान्यात किंवा जंगलात एखादा उपाय योजताना ‘हा उपाय चालतो का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘याला समोरून उत्तर काय येईल’ हेही विचारावे लागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. एकाच झाडावरील कोवळी, मध्यम आणि पिकत आलेली उंबरे आणावीत. ती उभी कापून भिंगातून पाहावीत. टोकाचे छिद्र, त्यावरील खवले, मादीफुले, गाठी आणि नरफुले शोधून आकृत्या काढाव्यात. कोवळ्या उंबरात पंख गळालेली मेलेली माशी सापडते का पाहावे.

२. पिकायला आलेली, पण अजून छिद्र न पडलेली चार-पाच उंबरे बरणीत ठेवून तोंडाला पातळ फडके बांधावे. दोन-तीन दिवसांत माश्या बाहेर येतील. लांब नलिका असलेल्या परजीवी आणि नसलेल्या उंबरमाश्या वेगळ्या मोजाव्यात. पंख नसलेले नर उंबर फोडूनच शोधावे लागतील. मोजणी झाली की माश्या झाडाजवळ सोडून द्याव्यात.

३. गावातील सर्व उंबरांना क्रमांक देऊन वर्षभर दर पंधरा दिवसांनी कोणत्या झाडावर कोणत्या अवस्थेतील उंबरे आहेत, याची नोंद ठेवावी. सगळी झाडे एकाच वेळी रिकामी असा एखादा पंधरवडा सापडतो का? सापडला, तर त्या पंधरवड्यात माश्या कुठे असतील, यावर चर्चा घ्यावी.

४. विद्यार्थ्यांच्या घरी कापूस असेल, तर साध्या कापसाच्या ओळी आणि फरदड यांबद्दल घरच्यांशी बोलून त्यांची कारणे लिहून आणायला सांगावे. शेतकऱ्याचा हिशेब आणि अळीचा हिशेब एका फळ्यावर शेजारी-शेजारी मांडावा आणि दोन्ही कुठे जुळत नाहीत, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.